वीज सूर्याची, छप्पर कुणाचे?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच खात्याकडे विजेची आखणीही होती, हे मात्र सभांतून फारसे सांगितले जात नाही. १९४३ साली त्यांनी समितीपुढे रोखठोक प्रश्न ठेवला : वीज सरकारी असावी की खासगी? ती स्वस्त व मुबलक मिळावी, हा त्यांचा आग्रह होता.

पुढे महाराष्ट्राने दाभोळ पाहिले. १९९९ साली सुरू झालेला एन्रॉनचा प्रकल्प महागड्या नाफ्थ्यावर चाले. दर परवडेना, म्हणून २००१ साली वीज मंडळाने वीज घेणे बंद केले.

आता सूर्याची पाळी. २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. योजना चांगलीच आहे. पण छप्पर स्वतःचे हवे! चाळीतल्या भाडेकरूने पत्रा कुणाचा दाखवायचा? ऊन तर त्याच्याच डोक्यावर जास्त.

शाळा, समाजमंदिरे यांच्या छपरांवर सामाईक संच बसवून त्याची युनिटे भाडेकरूंच्या बिलातून वजा करावीत, अशी आमची मागणी आहे. हे अशक्य नाही. दिल्लीत २०१९ पासून नियमांत तशी सोय आहे.