अर्धें राहिलेलें विणकाम

थंडीची चाहूल लागली कीं, कपाटाच्या तळाशीं पडलेला अर्धा स्वेटर हातीं येतो आणि राहिल्या ठिकाणापासून तसाच पुढें विणण्याचा मोह होतो. तेथेंच फसगत होते. कालांतरानें विणणाराचा हात सैल किंवा घट्ट होतो आणि तो भेद सांध्यावर पट्ट्यासारखा उमटतो. म्हणून प्रथम उरलेल्या लोकरीचा लहान चौकोन विणावा व दोन इंचांत किती टाके बसतात, तें जुन्या भागाशीं ताडून पाहावें. टाके अधिक भरल्यास जाड सुया घ्याव्या, कमी भरल्यास बारीक. मापही पुन्हा घ्यावें; मुलें वाढतात. उसवावें लागलें तरी लोकर वाया जात नाहीं. तिची लड करून कोमट पाण्यांत भिजवावी व सावलींत वाळवावी, म्हणजे पडलेलीं वळणें बरीचशीं जातात.

माझ्या दिवंगत पत्नीनें नातवासाठीं आरंभिलेला स्वेटर सहा वर्षें पडून होता. आतां तो त्याला होणें शक्य नव्हतें. उसवण्यास माझें मन घेईना. सुनेचा हात घट्ट. तिनें टाके मोजले, जाड सुया घेतल्या आणि धाकट्या नातीसाठीं तो पुरा केला. सांधा कोठें आहे, तें मीं पुष्कळदां शोधलें, सांपडला नाहीं.