नकाशावरची तिरकी रेघ: चीनचे ९४ टक्के लोक एकाच बाजूला का राहतात?

चीनचा नकाशा समोर घ्या. ईशान्येला रशियाच्या सीमेवर हेइहे नावाचं शहर आहे आणि नैऋत्येला म्यानमारच्या सीमेजवळ तंगचोंग. ही दोन ठिकाणं सरळ रेघेने जोडली की देशाचे दोन भाग पडतात. रेघेच्या आग्नेयेला देशाची सुमारे ४३ टक्के जमीन आहे आणि तिथे जवळपास ९४ टक्के लोक राहतात. वायव्येला निम्म्याहून जास्त जमीन आहे, पण लोक अवघे ६ टक्के.

ही रेघ १९३५ मध्ये हू ह्वानयोंग या भूगोलतज्ज्ञाने आखली. तेव्हा आग्नेयेकडे ९६ टक्के लोक राहत होते. त्यानंतर चीनमध्ये युद्ध झालं, क्रांती झाली, लोकसंख्या जवळपास तिप्पट झाली, वाळवंटातून रेल्वे धावू लागली. तरी लोकसंख्येची ही विभागणी फारशी बदलली नाही. याचं मुख्य कारण चीनच्या जमिनीच्या ठेवणीत आहे.

तीन पायऱ्यांचा देश

चीनचं क्षेत्रफळ सुमारे ९६ लाख चौरस किलोमीटर आहे. ही सगळी जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन पायऱ्यांनी उतरत जाते.

सर्वांत वरची पायरी म्हणजे तिबेटचं पठार. त्याची सरासरी उंची ४,००० मीटरहून जास्त आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आशियाला येऊन धडकला. त्या धडकेतून हिमालय उभा राहिला आणि त्यामागचं हे पठारही वर उचललं गेलं.

दुसऱ्या पायरीवरची बहुतेक जमीन १,००० ते २,००० मीटर उंचीवर आहे. गोबी आणि तकलामकान ही वाळवंटं, पिवळ्या मातीचं लोएस पठार आणि सिचुआनचं सुपीक खोरं याच पायरीवर येतं. याच पायरीवर तुरफानचा खोलगट भागही आहे. तिथली सर्वांत खालची जागा समुद्रसपाटीच्या १५४ मीटर खाली आहे.

तिसरी पायरी म्हणजे पूर्वेकडची मैदानं आणि टेकड्या. त्यांची उंची बहुतेक ठिकाणी ५०० मीटरच्या आत आहे. बीजिंग, शांघाय आणि ग्वांगझू ही तिन्ही शहरं इथेच वसली आहेत.

पाऊस कुठे थांबतो?

उन्हाळ्यात समुद्रावरून येणारे मोसमी वारे आग्नेयेकडून देशात शिरतात. जसजसे ते आत सरकतात आणि डोंगर चढतात, तसतसं त्यांच्यातलं बाष्प कमी होत जातं. दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्यांना हिमालय अडवतो. त्यामुळे वायव्य भाग जवळजवळ कोरडा राहतो. वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस जिथे संपतो, ती सीमा बरीचशी हू यांच्या रेघेजवळून जाते. त्याहून कमी पावसात सिंचनाशिवाय शेती करणं कठीण होतं. तिथून पुढे गवताळ कुरणं लागतात आणि त्यापलीकडे वाळवंट.

तुरफानमध्ये वर्षाला २० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तरी हे गाव द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. थ्येनशान पर्वतावरचं बर्फ वितळून मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावात आणलं जातं. या बोगद्यांना ‘कारेझ’ म्हणतात. पाणी जमिनीखालून वाहत असल्याने ते उन्हात उडून जात नाही. पण अशी हिरवळ डोंगराच्या पायथ्याशी, पाणी पोहोचेल तेवढ्याच भागात टिकते. त्यावर कोट्यवधी लोक जगू शकत नाहीत.

भात की नूडल्स?

पावसाची आणखी एक सीमा देशाच्या दाट वस्तीच्या भागालाच आडवी छेदते. छिनलिंग पर्वतरांग आणि ह्वाय नदी यांना जोडणारी ही सीमा आहे. तिच्या दक्षिणेला वर्षाला साधारण ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणून तिथे भात पिकतो. उत्तरेला कोरडी थंडी असते, तिथे गहू पिकतो. म्हणूनच उत्तरेच्या जेवणात नूडल्स आणि वाफवलेले पाव असतात, तर दक्षिणेच्या ताटात भात.

१९५० च्या दशकात सरकारने हिवाळ्यात घरं गरम ठेवण्याची सार्वजनिक व्यवस्था सुरू केली, तीही याच सीमेच्या उत्तरेला. शांघाय सीमेच्या दक्षिणेला येतं. त्यामुळे तिथल्या बहुतेक घरांना आजही हिवाळ्यात स्वतःची सोय स्वतः करावी लागते.

पिवळी नदी समुद्रापर्यंत का पोहोचली नाही?

उत्तरेकडची मोठी नदी म्हणजे ह्वांग हो, अर्थात पिवळी नदी. वाऱ्याने लाखो वर्षं आणून टाकलेल्या भुसभुशीत मातीचं लोएस पठार ती कापत येते. मैदानात उतरल्यावर तिचा वेग मंदावतो आणि गाळ पात्रातच साचतो. पूर अडवण्यासाठी लोकांनी शतकानुशतकं काठाचे बांध उंच केले आणि त्यासोबत पात्रही उंच होत गेलं. काइफंग शहराजवळ नदीचा तळ आता शहराच्या जमिनीपेक्षा कित्येक मीटर वर आहे. १८८७ मध्ये बांध फुटला, तेव्हा लाखो लोक मृत्युमुखी पडले.

पुढे संकट उलट दिशेने आलं. शेती, कारखाने आणि शहरं यांनी इतकं पाणी उपसलं की १९७२ पासून नदी समुद्राला मिळण्याआधीच आटू लागली. १९९७ मध्ये तर तिच्या खालच्या टप्प्यातलं पात्र २२६ दिवस कोरडं होतं. त्यानंतर कोणत्या प्रांताने किती पाणी घ्यायचं यावर कडक बंधनं आली आणि नदी पुन्हा समुद्रापर्यंत वाहू लागली. उत्तरेची तहान मात्र भागली नाही. देशातलं सुमारे ८० टक्के पाणी दक्षिणेत आहे आणि राजधानी उत्तरेत.

दक्षिणेचं पाणी उत्तरेला

यावर चीनने थेट पाणीच हलवलं. यांगत्सी नदीच्या खोऱ्यातलं पाणी उत्तरेला नेणाऱ्या योजनेचा पूर्व मार्ग २०१३ मध्ये आणि मध्य मार्ग २०१४ मध्ये सुरू झाला. मध्य मार्ग हान नदीवरच्या तानच्यांगखौ धरणापासून निघतो. १,४०० किलोमीटरहून लांब अशा या कालव्याचं पाणी उताराने वाहत, वाटेत पिवळ्या नदीच्या खालून बोगद्याने जाऊन बीजिंग आणि त्येनचिनला पोहोचतं.

त्यासाठी धरणाची उंची वाढवावी लागली आणि तीन लाखांहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. पाणी वळवल्यामुळे हान नदीच्या खालच्या भागात प्रवाह घटला. तो भरून काढण्यासाठी २०२२ मध्ये आणखी एक प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यातून यांगत्सीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाचं पाणी हान नदीत आणलं जाणार आहे. म्हणजे एका नदीची भर दुसऱ्या नदीतून!

वरच्या पायरीचं भारताशी नातं

यांगत्सी, पिवळी नदी, मेकाँग, सिंधू आणि सतलज या सगळ्या नद्या वरच्या पायरीवरूनच निघतात. तिथलीच यारलुंग त्सांगपो हिमालयाला वळसा घालून अरुणाचल प्रदेशात सियांग होते आणि आसामात ब्रह्मपुत्रा. या वळणावर ती सुमारे ५० किलोमीटरच्या अंतरात २,००० मीटर खाली उतरते. याच उताराचा वापर करून वीज तयार करण्यासाठी चीनने जुलै २०२५ मध्ये प्रकल्प सुरू केला. त्याची नियोजित क्षमता सुमारे ६०,००० मेगावॉट, म्हणजे थ्री गॉर्जेसच्या जवळपास तिप्पट आहे. खालच्या देशांना त्रास होणार नाही, असं चीन म्हणतो. पण भारत आणि चीन यांच्यात पाणीवाटपाचा करार नसल्याने अरुणाचल आणि आसाममधली काळजी कायम आहे.

रेघ पुसता येईल का?

२००० पासून चीन पश्चिम भागाच्या विकासावर मोठा खर्च करत आहे. २०१४ मध्ये तत्कालीन पंतप्रधान ली केचियांग यांनीच ही रेघ कशी ओलांडता येईल, असा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. पश्चिमेत रस्ते, रेल्वे, पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प पोहोचले आहेत. मात्र तिथे तयार होणारी बरीचशी वीज लांब तारांमधून पूर्वेकडेच जाते, कारण ती वापरणारे लोक रेघेच्या त्याच बाजूला आहेत, जिथे ते १९३५ मध्ये होते.