वेगाचं चलन कसं वाचायचं

बदलापूरची गाडी कर्जत-खोपोलीमार्गे द्रुतगती मार्गाला लागते, पुण्याला पोहोचते, कामं उरकून परत येते. आणि मग कधी त्याच दिवशी, कधी आठवड्याने मोबाइलवर मेसेज येतो. गाडीचा एमएच-०५चा नंबर, वेगमर्यादेचं उल्लंघन, रक्कम दोन हजार रुपये. घरात पहिला प्रश्न ‘कुठे पकडलं?’ हा असतो आणि दुसरा ‘भरायचं का राहू द्यायचं?’

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हा प्रसंग आता घरोघरी घडतो. काही जण कटकट नको म्हणून लगेच पैसे भरतात. काही जण लोक अदालतीत कमी होईल या आशेवर चार-पाच चलनं साठवतात. काहींना आपल्या नावावर चलन आहे याचा पत्ताच नसतो, कारण गाडी घेताना दिलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद झालेला असतो. यांतल्या फार थोड्यांनी चलन उघडून वाचलेलं असतं. ते वाचलं पाहिजे. ई-चलन म्हणजे एक आरोप आणि त्यासोबत जोडलेला पुरावा असतो. तो पुरावा कसा तयार होतो हे कळलं, तर कुठे हरकत घ्यायची आणि कुठे गुमान पैसे भरून चालवणं सुधारायचं, हेही कळतं.

सुरुवात मोजणीपासून करू. महामार्ग पोलिसांची किंवा आरटीओची इंटरसेप्टर गाडी रस्त्याकडेला उभी असते आणि तिच्यात लेझरची स्पीड गन असते. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे अगदी छोटे ठोके गाडीवर सोडते. ठोका गाडीवर आदळून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. शंभर मीटरवरच्या गाडीला जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाचा दहा लाखावा भागही लागत नाही. असे अनेक ठोके पाठोपाठ सोडले की अंतर किती झपाट्याने कमी होतंय ते समजतं, आणि तोच वेग. लेझरचा झोत शंभर मीटरवर जेमतेम हातभर रुंद असतो, त्यामुळे घोळक्यातली नेमकी एक गाडी टिपता येते. ‘माझ्या बाजूने दुसरी गाडी गेली, तिचा वेग माझ्या नावावर पडला’ ही तक्रार जुन्या, रुंद झोताच्या रडारबाबत जास्त खरी असू शकते. गन रस्त्याकडेला तिरकी धरलेली असते, त्यामुळे आकडा खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी येतो. म्हणजे त्या कोनाचा फायदा चालकालाच मिळतो. ‘माझ्या मीटरवर तर कमी होता’ असं म्हणणाऱ्याने आपली चाकं तपासावीत. कंपनीच्या मापापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवले, की मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

दुसरी पद्धत सरासरी वेगाची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून जी कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू झाली, तिच्यात हीसुद्धा आहे. एका कमानीखाली तुमचा नंबर टिपला जातो, काही किलोमीटरवर दुसऱ्या कमानीखाली पुन्हा टिपला जातो. मधलं अंतर ठरलेलं असतं. दहा किलोमीटर शंभरच्या वेगाने कापायला सहा मिनिटं लागतात. तुम्ही पाच मिनिटांत पोहोचलात तर सरासरी १२० झाली. कॅमेरा दिसला की ब्रेक, कॅमेरा गेला की पाय परत खाली, ही आपल्याकडे मुरलेली सवय इथे निरुपयोगी ठरते. मला ही पद्धत जास्त न्याय्य वाटते. उतारावर क्षणभर वाढलेला वेग तिच्यात विरून जातो, सलग दामटलेली गाडी मात्र सुटत नाही.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८चं कलम ११२ वेगमर्यादा घालून देतं आणि कलम १८३ शिक्षा सांगतं. याच १८३मध्ये चालकाच्या बाजूचं एक पोटकलम आहे, ते फार कमी जणांना माहीत असतं. ‘गाडी जोरात होती’ एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कोणालाही दोषी धरता येत नाही. त्या मतामागे यंत्राने घेतलेलं मोजमाप असावं लागतं. २०१९च्या दुरुस्तीने कलम १३६-अ आलं आणि त्याच्या आधारे ११ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ दाखल झाला. आपल्या मेसेजमागचा खरा नियम हा. स्पीड गन, वेगाचे कॅमेरे, सीसीटीव्ही, पोलिसांच्या अंगावरचे कॅमेरे, नंबर प्लेट वाचणारी यंत्रं, सगळी त्याच्या कक्षेत येतात. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण हवं. यंत्र बसवलेल्या टप्प्याआधी सूचनाफलक ठळकपणे लावलेला हवा. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवायला हवी.

ही यंत्रं कुठे बसवायची हेही नियमात आहे. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरचे धोक्याचे व वर्दळीचे टप्पे, दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांतले महत्त्वाचे चौक आणि शिवाय १३२ शहरांची एक यादी. त्या यादीत महाराष्ट्राची १९ शहरं आहेत आणि त्यांत उल्हासनगर आणि बदलापूर दोन्ही आहेत. अंबरनाथ नाही. मधलं गाव वगळलं म्हणून अंबरनाथकरांनी निश्चिंत होऊ नये, कारण गावातून जाणारा महामार्गाचा टप्पा त्या नियमात वेगळ्या वाटेने येतोच.

आता चलन उघडा. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवण्याआधी मात्र थांबा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल पाठवून बँक खाती रिकामी करण्याचा धंदा देशभर चालू आहे. खरं चलन फाइल उतरवून घ्यायला कधीच सांगत नाही. राज्याच्या ई-चलन संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन असा असतो. तिथे किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे अंक टाकावेत. चलन खरं असेल तर तिथे दिसेलच.

पहिल्यांदा फोटो बघा. नियमानुसार त्यात गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसायला हवी. गाडीचा रंग आणि मॉडेल आपलंच आहे का? ‘३’चा ‘८’ झालेला नाही ना? तुमची पांढरी कार उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये घराखाली उभी असताना फोटोत राखाडी जीप असेल, तर एक तर नंबर चुकीचा वाचला गेलाय किंवा तुमच्या नंबरची बनावट प्लेट कोणीतरी लावली आहे. दुसऱ्या शक्यतेत पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यायलाच हवी, कारण उद्या त्या नंबरावर चलनापेक्षा मोठं काही येऊ शकतं. त्यानंतर तारीख, वेळ, ठिकाण, यंत्राने मोजलेला वेग आणि तिथली मर्यादा, कोणतं कलम, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. यातलं काही नसेल किंवा चुकलेलं असेल, तर संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. तिथे फोटो आणि आपली कागदपत्रं जोडून म्हणणं मांडता येतं. पैसे आधी भरले तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, म्हणून हरकत असेल तर ती भरण्याआधीच घ्यावी.

गाडी विकली पण नावावरून उतरवली नाही, हे आपल्याकडचं जुनं दुखणं. नोटीस नोंदणीकृत मालकाला जाते. फॉर्म २९ आणि ३० भरून कल्याण आरटीओत हस्तांतर पूर्ण झालं नसेल, तर घेणारा जोरात चालवतो आणि चलन विकणाऱ्याला येतं. मोबाइल नंबर बदलला असेल तर परिवहनच्या वाहन संकेतस्थळावर तो लगेच बदलून घ्यावा.

रकमेबद्दल थोडक्यात. केंद्राची वाढीव दंडाची दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ला देशात लागू झाली. महाराष्ट्राने ती थोपवून धरली आणि डिसेंबर २०२१ पासून नवे दर आणले. वेगासाठी दुचाकी-तिचाकीला एक हजार, कारला दोन हजार, जड वाहनांना चार हजार. लोकांचं सगळं लक्ष या आकड्यावर खिळतं. खरी गंभीर गोष्ट त्याच्या पलीकडे आहे. दुसऱ्यांदा हाच गुन्हा झाला तर कलम १८३ थेट लायसन्स जप्त करण्याकडे बोट दाखवतं, आणि कलम २०६नुसार पोलीस ते आरटीओकडे पाठवू शकतात. तिथे पहिल्या वेळेला तीन महिने निलंबन. त्यानंतरही मुदत संपली म्हणून लायसन्स आपोआप हातात पडत नाही. कलम १९ म्हणतं, की चालकाने उजळणी प्रशिक्षण पुरं केलं तरच ते परत द्यायचं. आणि कलम २०० सांगतं, की दंड भरून प्रकरण मिटवलं तरी हे प्रशिक्षण लागू असेल तर त्यातून सुटका नाही.

इंग्लंडमध्ये याच कल्पनेचं वेगळं रूप आहे. तिकडच्या मराठी घरांत विचारलंत तर कोणीतरी तो कोर्स केलेला सापडेल. ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ३५ ते ४२च्या दरम्यान सापडलात, आणि मागच्या तीन वर्षांत हा कोर्स केलेला नसेल, तर १०० पौंड दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट यांऐवजी पदरचे पैसे भरून वर्गात बसायचा पर्याय पोलीस देऊ शकतात. वर्ग जेमतेम अडीच-तीन तासांचा. २०१८ साली तिथल्या वाहतूक खात्यासाठी झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की कोर्सचा प्रस्ताव स्वीकारलेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा वेगात सापडण्याचं प्रमाण १२ ते २३ टक्क्यांनी कमी होतं. अपघात कमी झाल्याचं मात्र त्याच अभ्यासाला ठामपणे दाखवता आलं नाही. हेही सांगायला हवं.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर झाला. टोलनाक्यावर आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ ताडून बघायची, १२०ची मर्यादा ओलांडलेल्या चालकाला बाजूला घ्यायचं, समुपदेशन करायचं, चित्रफीत दाखवायची, प्रश्न विचारायचे. हा रस्ता जून २०२५ पासून भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत आला आहे, म्हणजे आपल्या दाराशी. माझ्या मते असा अर्धा तास दोन हजारांच्या चलनापेक्षा जास्त कामाचा असतो. चलन आठवड्यानंतर मोबाइलवर येतं, तेव्हा तो रस्ता आणि तो वेग डोक्यातून गेलेला असतो. समोर बसवून विचारलं, की माणसाला आपण नेमकं काय करत होतो ते आठवावं लागतं.

अशा वर्गात शिकवण्याजोगा पहिला धडा आपल्याच रस्त्यावरचा घेऊ. काटई-बदलापूर रस्ता, खोणी सोडून नेवाळीकडे. साठच्या वेगाने जाणारी कार सेकंदाला सतरा मीटरच्या आसपास जाते. समोर बाइक आडवी आली हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५. ऐंशीला हाच हिशेब ६९ मीटरवर जातो. पाऊस असेल तर साठला ६० मीटर आणि ऐंशीला ९५. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर जवळपास पावणेदोन पट झालं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. आणि मिळालं काय? दहा किलोमीटरला साठने दहा मिनिटं, ऐंशीने साडेसात. ती वाचलेली अडीच मिनिटं नेवाळी नाक्यावर किंवा शिळफाट्याच्या रांगेत परत जातात.

शेवटी त्यांच्याबद्दल, जे स्वतःच्या घाईने जोरात जात नाहीत. आनंदनगर एमआयडीसीत पाळीवर माणसं पोहोचवणाऱ्या बसचा चालक, कॅम्पातल्या मालाची वेळेत पोच देणारा टेम्पोवाला, बाइकवरून घरपोच जेवण नेणारा पोरगा. चलन गाडीच्या नंबरवर येतं आणि बहुतेक वेळा पगारातून कापलं जातं. कलम १८३ इथेही काही म्हणतं. नोकराला मर्यादेपेक्षा जोरात चालवायला लावणारा मालकही शिक्षेला पात्र आहे. आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असं वेळापत्रक किंवा अमुक मिनिटांत पोहोच असा हुकूम हा न्यायालयात मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जाऊ शकतो. म्हणून अशा चालकाने फेरीची वेळ सांगणारा मेसेज, ड्युटीचा कागद, अ‍ॅपवरच्या वेळेचा स्क्रीनशॉट पुसून टाकू नये. चलनाच्या तारखेसोबत जपून ठेवावा आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहायची वेळ आली, तर तोच आधी पुढे ठेवावा.