ठेचा, अ‍ॅसिडिटी आणि खरा गुन्हेगार

आजचा विषय घरचाच आहे. बाबांच्या पोटात जळजळ सुरू झाली, तेव्हा आईने आधी ठेचा बंद केला. तरी दुखणं थांबेना. शेवटी एन्डोस्कोपी केली, तर अल्सर निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "गुडघ्यासाठी कुठल्या गोळ्या घेता?" बाबा कित्येक महिने स्वतःच्या मनाने पेनकिलर घेत होते.

मग मिरची करते तरी काय? तिच्यातलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ नावाच्या रिसेप्टरला चिकटतं. हा रिसेप्टर एरवी साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखतो. म्हणजे सेन्सर खरा, पण अलार्म खोटा! प्रत्यक्षात काही भाजत नसतं. हा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल विभागून मिळालं. गंमत म्हणजे हाच सेन्सर वारंवार चेतवला की मंदावतो, म्हणून कॅप्सेसिनचं मलम गुडघेदुखीवर वापरतात.

अल्सरची मुख्य कारणं दोन: एच. पायलोरी हा जिवाणू आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या. पण म्हणून मिरचीला क्लीन चिट नाही हं! अ‍ॅसिड घशाशी येत असेल किंवा मूळव्याध असेल, तर ती त्रास वाढवू शकते. आणि तोंड पोळलं तर पाणी नको, दही किंवा दूध घ्या. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही.

जळजळ टिकून राहिली किंवा शौचाला काळं झालं, तर मिरचीवर खापर न फोडता लगेच डॉक्टर गाठा. बाबांच्या ताटात आता चिमूटभर ठेचा परत आलाय. गोळ्यांचा डबा मात्र आईच्या ताब्यात!