पूर ओसरला, पण माती अजून बुडालेलीच



ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. धोक्याची खूण ४३ फुटांची. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच गत. नदीकाठची मळीची राने कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. घर, जनावर, ऊस यांचे पंचनामे झाले. मातीत जे मेले त्याचा पंचनामा कोण करणार?

पाणी उतरल्यावर शिरोळ भागातल्या एका रानात मी कुदळ घातली. वर चार बोटे गाळ, खाली निळसर-करडी माती आणि सडक्या अंड्यासारखा वास. घरधनीण म्हणाली, "सायेब, मातीला असला वास कधी न्हवता."

बाईंनी बरोबर ओळखले होते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. तिथे पाणी भरले की उरलासुरला प्राणवायू मुळ्या आणि जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. मग हवेवर जगणारे जिवाणू थंडावतात आणि हवेविना जगणारे माजतात. हे दुसरे जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात. तुम्ही पैसे मोजून टाकलेले नत्र वायू होऊन उडून जाते. त्यानंतर लोहाची पाळी, म्हणून रंग बदलतो. मग गंधकाची, म्हणून तो वास. गांडूळ तर कातडीने श्वास घेते. साचलेल्या पाण्यात ते गुदमरते.

इथे माझी एक चूक सांगतो. त्याच साली पिवळा पडलेला ऊस पाहून एकाला मी लगेच युरिया टाकायला सांगितले. रान वाफशावर आले नव्हते. दोन पोती वाया गेली, ऊस पिवळाच. मुळीलाच श्वास नव्हता, ती खाणार काय? त्या गृहस्थांनी मला बोल लावला नाही, पण बांधावर भेटले की आजही ओशाळल्यासारखे होते.

तेव्हा आधी चर काढून पाणी बाहेर घाला. घाईने ट्रॅक्टर घालू नका. ओल्या काळ्या रानात चाकाखाली पोकळ्या दबतात आणि पुढे हवा शिरायला जागाच राहत नाही. मुठीत मातीचा गोळा करून खाली टाकावा. फुटला तर वाफसा, चपटा झाला तर थांबा. पातळ गाळ वाफशावर मातीत मिसळावा. वाळू-गोटे आले असतील तर मात्र ते उपसावेच लागतील, त्याला इलाज नाही.

मेलेला ऊस पेटवून देण्याची फार घाई असते. तो बारीक करून रानातच कुजवा. उपाशी जिवाणूंचे तेच अन्न आहे.

आणखी एक गोष्ट. मुळ्यांना स्फुरद पोचवणारी एक बुरशी मातीत असते. ती जिवंत मुळीच्या आधाराने जगते. पुरानंतर रान बराच काळ मोकळे राहिले की ती रोडावते. मग पुढच्या मक्याची पाने जांभळट दिसतात आणि आपण दुकानदाराला दोष देतो. म्हणून रान रिकामे ठेवू नये. ओल असेल तर धैंचा, निचरा झाला असेल तर ताग पेरावा आणि फुलोऱ्याच्या आत गाडावा. रब्बीची वेळ असेल तर हरभरा घ्यावा. मोहरी किंवा कोबी मात्र नको, त्यांच्या मुळ्यांना ही बुरशी लागत नाही.

हरभऱ्याचे एखादे झाड महिन्या-सव्वा महिन्याने हलकेच उपटून पाहावे. मुळावरची गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसले, तर समजावे, मातीत पुन्हा हवा खेळू लागली आहे.