रंगारी शेवटी बोलवा

2025 साली मुंबईत मोसमी पाऊस 26 मे रोजीच हजर झाला. एरवीची त्याची तारीख 11 जून. ‘अजून पंधरा दिवस हातात आहेत’ म्हणून ज्यांनी गच्चीचं काम मेअखेरीवर ढकललं होतं, त्यांच्या गच्चीवर फोडलेला कोबा, भिजलेली वाळू आणि ताडपत्रीखालची सिमेंटची पोती एवढंच उरलं. ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा थर नीट धरत नाही, त्यामुळे काम पुढे रेटण्यातही अर्थ नव्हता.

आपल्याकडे घराच्या डागडुजीचं वेळापत्रक सण ठरवतात. गणपतीआधी साफसफाई, दिवाळीआधी रंग. रंगाला ती वेळ ठीक आहे, पण घर खराब होतं ते रंग उडाल्यामुळे नव्हे. ते खराब होतं पाण्यामुळे, आणि पाण्याचं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरकावं लागतं. त्या दिवसांत डाग सुकलेले असतात, भिंत कोरडी दिसते आणि खर्चाचं नाव काढलं की घरात कुणालाच ते पटत नाही. दुखणं दिसत नसतानाच्या काळात त्यावर पैसे घालायचे, एवढीच या सगळ्यातली खरी अडचण आहे.

सुरुवात गच्चीपासून करा. वर गेल्यावर पहिल्यांदा पाणी बाहेर जायची तोंडं बघायची. जाळीवर पालापाचोळा, कबुतरांची पिसं, कुणीतरी वाळत घातलेल्या पापडाचं प्लास्टिक, हे सगळं तिथेच येऊन बसतं. एक जाळी तुंबली की चार तासांच्या पावसात गच्चीचा तलाव होतो, आणि साठलेलं पाणी खाली उतरायला वाट शोधत बसतं. मग कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तो कोपरा बघा. तिथे गवंडी सिमेंटचा गोलसर ‘वाटा’ मारतात. त्याला केसाएवढी चीर गेली असेल तर बहुतेक गळत्यांचा उगम तिथेच सापडतो. सोलर हीटरचे स्टँड, डिशच्या छत्र्या, मोबाइल टॉवरचे पाय हेही बघून घ्या. कुणी बोल्ट ठोकताना खालचा थर फोडला आणि भोक बुजवलंच नाही, असं सर्रास होतं. छत्री गेली, कनेक्शन बंद झालं, भोक मात्र राहिलं.

मग हातोडीच्या लाकडी दांड्याने, नाहीतर जाड नाण्याने, जमिनीवर ठोकत फिरा. कोबा खाली घट्ट धरलेला असेल तर आवाज भरीव, टणक येतो. जिथे तो सुटला आहे तिथे आवाज एकदम पोकळ होतो. खडूने तेवढा भाग आखून ठेवा. हा नकाशा हाती असला की कंत्राटदार अख्खी गच्ची फोडायला निघाला तर त्याला दोन प्रश्न विचारता येतात.

विटांच्या तुकड्यांचा कोबा ही आपल्याकडची जुनी, भरवशाची पद्धत आहे. साधारण शंभरास एक असा उतार देऊन केलेला कोबा वर्षानुवर्षं चालतो. पण त्याचा एक दोष लक्षात ठेवा. त्यातल्या विटा पाणी पिऊन बसतात. एका चिरेतून आत शिरलेलं पाणी थराच्या पोटातून सरकत जातं आणि भलत्याच खोलीत टपकतं. शिवाय जुना कोबा न काढता त्यावर नवा चढवायचा, मग दहा वर्षांनी आणखी एक, असं करत गेल्यावर स्लॅबवर किती वजन पडतं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. काम झाल्यावर तोंडं बंद करून दोन-तीन इंच पाणी निदान दोन दिवस साठवून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. ‘दहा वर्षं गॅरंटी’ हे शब्द तोंडी फार स्वस्त असतात. किती चौरस फूट, कोणता थर, किती हात आणि गळलं तर किती दिवसांत कोण येणार, हे सगळं कागदावर घ्या.

बाहेरच्या भिंतींवर पाइपांच्या सांध्यात उगवलेली पिंपळाची आणि उंबराची रोपं हा वेगळाच ताप. पक्षी बिया टाकतात आणि मुळं ओलीच्या मागावर आत जातात. वरून कापलं की ते दुप्पट जोमाने फुटतं. लहान असतानाच मुळासकट काढा, मुळाचा उरलेला भाग मारा आणि ती फट बुजवा. मोठं झालं की त्याच्याबरोबर भिंतीचा तुकडा निघतो.

आता घरातला डाग. छताला पिवळा वर्तुळाकार डाग दिसला की आपण त्याच्या बरोब्बर वरती बघतो. पाणी इतकं सरळ वागत नाही. ते स्लॅबमधल्या विजेच्या पाइपातून वाहत पंख्याच्या हुकापर्यंत किंवा दिव्याच्या होल्डरपर्यंत येतं. दिव्यातून थेंब पडत असेल तर आधी त्या दिव्याचा एमसीबी खाली करा, बाकीचं नंतर. डाग कुठे आहे यापेक्षा तो कधी ओला होतो हे जास्त सांगून जातं. पाऊस लागला की वाढतो आणि उघडीप मिळाली की फिका पडतो, तर गच्ची, बाहेरची भिंत किंवा खिडकीची चौकट. त्यातही पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला पावसाचा मार जास्त, कारण वारा तिकडून येतो. बारा महिने, रात्रंदिवस सारखाच ओला असेल तर भिंतीतली पाण्याची लाइन. आणि सकाळी आंघोळी झाल्यावर भिजणारा, वरचे लोक चार दिवस गावी गेले की सुकणारा डाग असेल, तर वरच्या बाथरूमची फरशी किंवा नहाणी ट्रॅप.

वरचे लोक मात्र म्हणणार, “आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे.” असणारच, पाणी खाली गेलंय! अशा वेळी वाद घालण्यापेक्षा तपासण्या कराव्यात, त्या फार खर्चाच्या नाहीत. नहाणी ट्रॅपचं तोंड फडक्याने घट्ट बंद करून बाथरूममध्ये बोटभर रंगीत पाणी दिवसभर साठवून ठेवा. खाली रंग उतरला तर फरशीचे सांधे गेलेले आहेत. लाइनवर शंका असेल तर प्लंबर नळ बंद करून हातपंपाने दाब भरतो आणि काटा खाली सरकतो का ते बघतो. भिंत फोडायच्या आधी हे करायला सांगा, कारण फोडून मग शोधणारे प्लंबर कमी नाहीत. संडासाच्या फ्लशची टाकी गुपचूप गळते का, हे तर हळद सांगते. टाकीत चमचाभर हळद कालवा, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात पिवळं पाणी उतरलं तर आतलं रबर बदलायला झालंय. पाण्याचा मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा.

एक गोष्ट मात्र घरच्या घरी उरकण्यासारखी नसते. बीमला सळईच्या रेषेत लांबट चीर गेलेली असणं, बाल्कनीच्या खालच्या बाजूने पोपडे पडून तांबूस सळई उघडी दिसणं, ही लक्षणं दिसली की गवंड्याच्या आधी इंजिनिअर. काँक्रीट मुळात क्षारधर्मी असतं आणि त्यामुळेच आतलं लोखंड गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत गेला की हे कवच दुबळं होतं, आणि समुद्रकाठच्या शहरांत खारी हवा त्यात भर घालते. मग ओल पोचली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलून बाहेर पाडतो. अशा जागी नुसतं प्लास्टर थापणं म्हणजे गळवावर पावडर लावणं. सळईच्या मागेपर्यंत खोदून, ब्रशने गंज काढून, गंजरोधक लेप देऊन मगच नवं भरायचं असतं. सळई बारीक झाली असेल तर काय करायचं ते इंजिनिअरने ठरवायचं. एसीचं पाणी छज्ज्यावर सोडून देणाऱ्यांनी आणि खिडकीच्या जाळीत कुंड्यांची बाग फुलवणाऱ्यांनी एकदा खाली उतरून आपल्याच छज्ज्याची खालची बाजू बघावी.

कोकणातल्या कौलारू घरांना हे सगळं शिकवायला नको. पावसाआधी घर शाकारायचं, हा तिथला वर्षाचा नेमच होता. बाझल मिशनने 1860 च्या दशकात मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती मंगलोरी कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. त्याआधीचे नळे असोत की ही चपटी कौलं, काम तेच. कौलं उतरवून खाचांतला पालापाचोळा काढायचा, वानरांनी फोडलेली बदलायची, वासे-रिपांना वाळवी लागलीय का ते टोचून बघायचं, पन्हळी मोकळ्या करायच्या. आज कौलं चाळणारी माणसं मिळत नाहीत आणि मालक मुंबईत असतो, म्हणून छपरावर पत्रा येतो. त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या एका ‘सुधारणे’बद्दल मात्र सांगायला हवं. मातीच्या किंवा चुन्यातल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून बाहेर उडून जाते, सिमेंटआड ती कोंडते. दोन-तीन पावसाळ्यांत लोणा धरतो आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. जोत्याभोवतीचं पाणी लांब जाईल असा चर मोकळा ठेवला, तर निम्मी ओल तिथेच थांबते.

विजेचं थोडक्यात. मीटरजवळच्या किंवा घरातल्या बोर्डावर आरसीसीबी असतो आणि त्यावर ‘टी’ अक्षराचं एक छोटं बटण असतं. कित्येक घरांत ते बसवल्या दिवसापासून कुणी दाबलेलं नसतं. दाबा. खटका पडून सगळं घर अंधारात गेलं पाहिजे. नाही गेलं तर तो डबा शोभेचा आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी तारा जळण्यापासून वाचवतो आणि तो दहा-सोळा अँपिअरच्या हिशेबाचा असतो. माणसाचा जीव त्याच्या फार थोड्या अंशानेही जातो. घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअरची गळती झाली की तोडतो, म्हणून ओल धरलेल्या भिंतींच्या दिवसांत तो चालू असणं महत्त्वाचं. गीझर आणि वॉशिंग मशीनचं अर्थिंगही त्याच भेटीत तपासून घ्या. सिलिंडरची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, मग ती वरून कितीही ठणठणीत दिसो. तारीख नळीवरच छापलेली असते. सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघा, काडी पेटवून नव्हे. गळतीचा वास आला तर 1906 हा क्रमांक.

पैसे कुणी भरायचे, यावरून जिन्यात जेवढी भांडणं होतात तेवढी गळतीवरून होत नसतील. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचं उत्तर आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती, गच्चीतून पाणी उतरून वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान, हे संस्थेकडे. संडास, सिंक वगैरेंची घरातली गळती सभासदाकडे. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला निदान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड 0.25 टक्के, असंही तिथेच लिहिलंय. इमारत 15 वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि 30 ओलांडली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. नव्या घरात राहणाऱ्यांनी खिशात हात घालण्याआधी ताब्याची तारीख बघावी. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी हवी, वॉचमनकडे दिलेला निरोप चालत नाही.

रंगाचं आता. पाऊस गेल्या गेल्या पुट्टी लावायची घाई करू नका. शंका असलेल्या जागी वीतभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस राहू द्या. आतून दव धरलं तर भिंत अजून ओली आहे. त्यावर लावलेला महागातला महाग रंगही पुढच्या आषाढात फुगेल. मग पुन्हा रंगाच्या कंपनीला शिव्या.

आणि गच्चीचा विषय काढायचा तो सप्टेंबरमध्ये. संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. तेव्हा छतं अजून टपकत असतात आणि वरच्या मजल्यावरच्यांचं ऐकणारे कान असतात. जून ते ऑगस्टमधले तारखेसह फोटो सभेत ठेवा, ठराव मंजूर करून घ्या, डिसेंबरपर्यंत तीन कोटेशनं मागवा आणि फेब्रुवारीत काम सुरू करा. मार्चमध्ये विशेष सभा बोलवाल तर गणपूर्तीसुद्धा होणार नाही.