शिक्षेच्या जोडीला उपचार

कारागृहातून सुटून आलेल्या माणसाविषयी गावाच्या मनात एकच शंका असते : हा पुन्हा तसेच करील काय? चाकण, मोशी, चिखली या औद्योगिक पट्ट्यात अशा माणसाला भाड्याची खोली आणि कारखान्यातील काम मिळणे या शंकेवरच अवलंबून असते.

काही अपराध्यांच्या ठिकाणी अनावर राग, कमालीचा संशय, दुसऱ्याच्या दुःखाविषयी बेफिकिरी अशा वृत्ती तरुणपणापासून खोल रुजलेल्या असतात. यास व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. हे वेड नव्हे. आपण काय करीत आहोत, हे अशा व्यक्तीस सामान्यतः कळत असते. भारतीय न्याय संहितेचे कलम २२ मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप किंवा त्यातील गैरपणा न कळणाऱ्यासच संरक्षण देते. म्हणून या विकाराचा अपराधी बहुधा शिक्षेस पात्र ठरतो. मात्र केवळ शिक्षेने विकार जात नाही.

या विकारात औषधांचा उपयोग मर्यादित असून मुख्य भर संवादावर असतो. राग कोठे सुरू होतो, हात उगारण्यापूर्वी कोणता विचार येतो, हे मानसशास्त्रज्ञ बंद्याकडूनच उलगडून घेतो. गटचर्चेत इतर बंदी त्याच्या सबबी खोडून काढतात. इंग्लंडमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या ग्रेंडन कारागृहात ही पद्धत रुजली. तेथे दीड वर्षाहून अधिक काळ टिकलेल्या बंद्यांत पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण कमी आढळले. गुण सर्वांनाच येतो असे नाही. परंतु अर्धवट उपचाराचा लाभ थोडा, हा धडा महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. चिखलीकरांना येरवडा जवळचे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०३ नुसार मानसिक आजार असलेल्या बंद्यास कारागृहातील मनोरुग्ण कक्षात ठेवता येते. तशी सोय नसल्यास मानसिक आरोग्य संस्थेत हलविता येते.

कारागृहात सुरू झालेला उपचार सुटकेनंतर तुटू नये, यासाठी गावाचे साहाय्य अगत्याचे आहे. पंचायत सदस्यांनी व स्थानिक अधिकाऱ्यांनी अशा व्यक्तीस काम मिळवून द्यावे आणि तिला रुग्णालयाच्या तारखा पाळता येतील, हे पाहावे. मुलांतील सततची क्रूरता वा हिंसा शिक्षकांनी केवळ छडीचा विषय न मानता पालकांना तज्ज्ञांकडे पाठवावे. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. सुटून आलेला माणूस उपचारात टिकला, तर त्याच्याइतकेच त्याचे शेजारीही सुरक्षित होतात.